ताळेबंदाबाहेरची बाब

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका साध्या प्रश्नाचं उत्तर दिलं. आणीबाणी चालू असताना सरकारने एखाद्याला विनाचौकशी डांबलं, तर त्याने दाद कुठे मागायची? पाच न्यायमूर्तींपैकी चौघांचं उत्तर होतं, कुठेच नाही. सरन्यायाधीश अजितनाथ रे, न्या. बेग, न्या. यशवंत चंद्रचूड आणि न्या. भगवती एका बाजूला, आणि न्या. हंसराज खन्ना एकटे दुसऱ्या बाजूला. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी याच्या उलट निकाल दिला होता, त्यात मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं. ते सगळे निकाल त्या दिवशी पुसले गेले.

या निकालाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. बेग यांच्या निकालपत्रातल्या एका निरीक्षणाकडे मात्र नुसता राग येऊन लोक पुढे जातात. त्यांनी म्हटलं होतं की स्थानबद्धांची राहण्याची, खाण्यापिण्याची सोय चांगली आहे, वागणूक चांगली मिळते. सरकार घेत असलेली ही काळजी जवळजवळ आईच्या मायेची आहे. माणूस मागत होता न्यायालयाचं दार, आणि उत्तर मिळालं ताटाकडे बोट दाखवून. पोटाला मिळतंय ना, मग तक्रार कसली? तुरुंगातल्या माणसाबद्दल बेग जे म्हणाले, तेच तुरुंगाबाहेरच्या साठ कोटी माणसांबद्दल सरकार दहा महिने म्हणत आलं होतं. आणि खोटं कशाला बोलायचं, बाहेरच्या पुष्कळांना ते पटतही होतं.

का पटत होतं, हे कळायला आधीची तीन वर्षं आठवावी लागतात. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राने भोगला. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं, सुकडी, रेशनवरचा लाल मिलो हे त्या पिढीच्या आठवणीतून गेलेलं नाही. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले. १९७४ मध्ये भाववाढ तीस टक्क्यांच्या आसपास जाऊन पोचली. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागे हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, ते याच महागाईच्या काळात. त्या वर्षीच्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा संप वीस दिवस चालला आणि सरकारने तो निष्ठुरपणे मोडून काढला. गुजरात पेटलं, बिहार पेटला. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली, आणि २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली.

खरं कारण खुर्ची होती. पण खुर्चीसाठी आणीबाणी आणली, असं कोणतंही सरकार म्हणत नाही. १ जुलैला वीस कलमी कार्यक्रम जाहीर झाला. भाव उतरवणं, भूमिहीनांना जमीन, वेठबिगारी बंद, ग्रामीण कर्जातून सुटका, साठेबाज आणि तस्करांवर कारवाई. यातलं एकही कलम वाईट म्हणता येण्यासारखं नव्हतं, आणि मेख तिथेच होती. हक्क काढून घेतले ते कशाच्या बदल्यात, याची यादी पाच दिवसांत हातात आली.

मग बदल दिसूही लागला. गाड्या वेळेवर धावू लागल्या. कचेऱ्यांत बाबूलोक साडेदहाला खुर्चीत दिसू लागले. महाराष्ट्रात तर मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण मुळातच कडक शिस्तीचे, ‘हेडमास्तर’ म्हणूनच ओळखले जाणारे. त्यांच्या स्वभावाला हा काळ मानवला. पवनारला मौनात असलेल्या विनोबांनी ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द दिले. पुढे विनोबांच्या अनुयायांनी त्यांचा वेगळा अर्थ सांगितला, पण तोवर ते सरकारच्या भिंतीवर चढले होते. जे. आर. डी. टाटांसारखा माणूस एका अमेरिकन पत्रकाराला म्हणाला की संप, बंद, मोर्चे यांनी कळस गाठला होता आणि संसदीय पद्धत आपल्या गरजांना मानवणारी नाही. मध्यमवर्ग हेच हलक्या आवाजात, स्वतःच्या घरात बोलत होता. मोठ्याने बोलायची तशी सोयही नव्हती.

आकडे सरकारच्या बाजूने होते. १९७४-७५ मध्ये देशात दहा कोटी टनांच्या आत राहिलेलं धान्य १९७५-७६ मध्ये १२ कोटी टनांच्या वर गेलं. राष्ट्रीय उत्पन्न एका वर्षात नऊ टक्क्यांनी वाढलं, जे तोवर क्वचितच घडलं होतं. १९७४ मध्ये औद्योगिक तंट्यांपायी चार कोटींवर मनुष्यदिवस वाया गेले होते. १९७६ मध्ये ते सव्वा कोटीच्या घरात आले. परकीय गंगाजळी वाढली. भाव उतरले.

हा ताळेबंद तपासता येतो, आणि पुढे तो तपासला गेलाही. भाव उतरायला सुरुवात झाली होती १९७४ च्या शरदात, म्हणजे आणीबाणीच्या आठ-नऊ महिने आधी. त्याचं श्रेय त्या वर्षी जुलैमध्ये काढलेल्या सक्तीच्या बचतीच्या आणि लाभांशावरच्या बंधनांच्या वटहुकुमांना, आवळलेल्या पतपुरवठ्याला. धान्य वाढलं ते पावसामुळे; १९७५ चा पाऊस उत्तम झाला आणि ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली ढग पकडता येत नाहीत. संप थांबले, पण १९७६ मधल्या वाया गेलेल्या दिवसांचा मोठा भाग टाळेबंदीचा होता: कामगाराला हात बांधून बसवल्यावर मालकाचे हात मोकळे झाले. किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला तो याच काळात, आणि गिरणगावात त्याविरुद्ध आवाज करणार कोण? दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला, धान्य घटलं, वाढीचा दर एक-दीड टक्क्याच्या आसपास घसरला आणि भाव पुन्हा चढू लागले.

एवढं सांगून थांबतो, कारण या तपासणीत एक फसगत आहे. आणीबाणीचे विरोधक गेली पन्नास वर्षं हेच करत आले: गाड्या तितक्याही वेळेवर नव्हत्या हो, भाव आधीच उतरले होते हो. हे सगळं खरंच आहे. पण समजा, खरं नसतं तर? समजा, पाऊस दोन्ही वर्षं चांगला झाला असता आणि वाढीचा दर नऊवर टिकला असता, तर माणसं विनाचौकशी डांबणं योग्य ठरलं असतं? ताळेबंद खोटा आहे एवढंच म्हणत राहणारा नकळत कबूल करतो की खरा असता तर सौदा चालला असता.

हे ज्यांना तेव्हाच, ऐन भरात कळलं होतं, त्यांत दुर्गा भागवत होत्या. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला ५१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. दुर्गाबाई अध्यक्ष. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, गाव त्यांचं आणि ते स्वतः केंद्रात परराष्ट्रमंत्री. जयप्रकाश नारायण तेव्हा तुरुंगातून सुटून, मूत्रपिंडं निकामी झालेल्या अवस्थेत मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. दुर्गाबाईंनी भर मांडवात जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं, आणि मांडव उभा राहिला. लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल त्या बोलल्या. साखरेच्या भावाबद्दल नाही, गाड्यांच्या वेळापत्रकाबद्दल नाही. लोकसाहित्याचा आणि पाककलेचा अभ्यास करणारी, माणूस काय खातो यावर आयुष्यभर प्रेमाने लिहिणारी ही बाई. भाकरीची किंमत तिला कुणी शिकवायला नको होती. म्हणूनच तिने भाकरी आणि बोलणं यांची अदलाबदल मान्य केली नाही, असं मला वाटतं. पुढच्या वर्षी पोलिसांनी त्यांना अटक केली, ती एशियाटिकच्या ग्रंथालयातून. ती जागा त्यांच्या रोजच्या बैठकीची होती.

मुंबईत वकिलांना साधी सभा घेता येत नव्हती. राज्यघटना आणि नागरी स्वातंत्र्य या विषयावर बंद सभागृहात, निमंत्रित वकिलांपुरती सभा ठरली. बोलणार होते एम. सी. छागला आणि जे. सी. शहा, म्हणजे उच्च न्यायालयाचे एक माजी मुख्य न्यायाधीश आणि देशाचे एक माजी सरन्यायाधीश. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश मोडीत काढला. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’चा मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मदन आणि न्या. कणिया यांच्या खंडपीठाने सांगितलं की सेन्सॉरचं काम मतभेद गाडण्याचं नाही. सरकारवर टीका करणं हा आणीबाणीतही गुन्हा होत नाही. तुरुंग भरलेले असताना दिलेले हे निकाल आहेत. दिल्लीतल्या चौघांपेक्षा फोर्टमधले हे न्यायमूर्ती उंच उभे राहिले, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

पण सभा, नियतकालिकं, संमेलनं ही शिकल्यासवरल्यांची दुनिया झाली. गरिबाला याचं काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई आणि विचारणारा बहुधा गरीब नसे. तेव्हा गरिबाकडेच जाऊ.

मानखुर्दजवळच्या जनता कॉलनीत हजारो माणसं राहत होती. त्यांतल्या कित्येकांना महापालिकेनेच शहरातून उठवून तिथे वसवलं होतं. ती जागा अणुसंशोधन केंद्राला वसाहतीसाठी हवी होती. रहिवासी अनेक वर्षं न्यायालयात आणि दिल्लीत खेटे घालत होते. मे १९७६ मध्ये पोलीस बंदोबस्तात वस्ती जमीनदोस्त झाली आणि माणसं चिता कॅम्पला हलवली गेली. त्याआधी महिनाभर दिल्लीत तुर्कमान गेटला हेच झालं होतं, तिथे गोळीबारही झाला. शहर सुंदर झालं, हे ताळेबंदात जमेच्या बाजूला लिहिलं गेलं.

नसबंदीचं तर्कशास्त्र तर शुद्ध अर्थशास्त्राचं होतं. तोंडं कमी झाली की दरडोई उत्पन्न वाढतं. मग उद्दिष्टं ठरली, उद्दिष्टांचे कोटे पडले, कोटे शिक्षकांवर, तलाठ्यांवर, पोलिसांवर आले. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत जानेवारी १९७६ च्या मोहिमेत रस्त्यावरून माणसं उचलून शस्त्रक्रियेला नेल्याच्या तक्रारी झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने त्याच वर्षी, तिसऱ्या मुलानंतर सक्तीची नसबंदी करणारं विधेयक मंजूर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. पुरोगामी महाराष्ट्राच्या गौरवगाथेत हे पान सहसा उघडत नाही. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्याच्या पुस्तकात गेलं नाही, इतकंच. १९७६-७७ मध्ये देशभर ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने केली. ज्याला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क सर्वांत जास्त लागत होता, तो माणूस संपादक नव्हता. फडक्यात भाकरी बांधून बाजाराला आलेला शेतकरी होता.

या सगळ्याला घटनेचं वस्त्र चढलं ते वर्षाच्या अखेरीस, ४२ व्या दुरुस्तीने. राज्यघटनेत मूलभूत हक्क एका भागात आहेत आणि राज्याने कोणती सामाजिक-आर्थिक ध्येयं गाठावीत याची मार्गदर्शक तत्त्वं दुसऱ्या. दुरुस्तीने ठरवलं की मार्गदर्शक तत्त्वांसाठी म्हणून केलेला कोणताही कायदा, समतेच्या किंवा भाषणस्वातंत्र्याच्या हक्काशी विसंगत आहे या कारणाने न्यायालयात अडवता येणार नाही. ‘जनतेच्या आर्थिक कल्याणासाठी’ असं मथळ्यात लिहिलं की झालं. आधीचं वर्षभर सरकार जे व्यवहारात करत होतं, ते आता तत्त्व झालं.

जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर झाली. त्याच महिन्यात न्या. खन्नांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश नेमण्यात आलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. पु. ल. देशपांडे, ज्यांनी आयुष्यभर लोकांना हसवलं, ते प्रचारसभांतून गंभीरपणे बोलत फिरले. मार्चमध्ये काँग्रेस १५४ जागांवर आली. उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य. इंदिराबाई स्वतः रायबरेलीत पडल्या. भाकरीपेक्षा स्वातंत्र्य मोठं, असं अशिक्षित भारतीय मतदाराने जगाला दाखवून दिलं, हे वाक्य तेव्हापासून आपण अभिमानाने म्हणतो.

नकाशा मात्र इतका सोपा नाही. आंध्रात काँग्रेसने ४२ पैकी ४१ जागा जिंकल्या, कर्नाटकात २८ पैकी २६. महाराष्ट्र जवळपास मधोमध फाटला: काँग्रेसला ४८ पैकी २०. जिथे नसबंदीचा वरवंटा फिरला तिथे लोक उठले. जिथे तो फारसा फिरला नाही, तिथे कारभार बरा चाललाय म्हणून मत पडलं. केरळात तर सत्ताधारी आघाडीने लोकसभेच्या वीसच्या वीस जागा घेतल्या आणि विधानसभाही.

केरळातच राजन राहत होता. कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी. १ मार्च १९७६ ला पोलिसांनी त्याला वसतिगृहातून उचललं, नक्षलवाद्यांशी संबंध असल्याच्या संशयावरून, आणि कक्कयमच्या छावणीत नेलं. तिथल्या छळात तो मेला. त्याचे वडील ईच्चर वारियर, हिंदीचे प्राध्यापक, वर्षभर मंत्र्यांचे, खासदारांचे, अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिले. पोरगा कोठडीत आहे की नाही, एवढंसुद्धा कुणी सांगेना. न्यायालयाचं दार बंद होतं. एप्रिलमध्ये दिल्लीत तो निकाल आला, तेव्हा राजन आधीच गेलेला होता. त्या खटल्याच्या सुनावणीत खन्नांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं होतं की पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तरी दाद नाही? डे म्हणाले होते, आणीबाणी असेपर्यंत नाही. चंद्रचूडांनी निकालपत्रात आशा व्यक्त केली होती की स्वतंत्र भारतात स्थानबद्धांचे असे हाल कधी होणार नाहीत; ती आशा हिऱ्यासारखी लखलखीत आणि हिऱ्यासारखी टणक आहे, असे त्यांचे शब्द होते.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली आणि काही दिवसांतच वारियर यांनी केरळ उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. आणीबाणीत गृहमंत्री असलेले करुणाकरन वीसपैकी वीस जागांच्या विजयानंतर नुकतेच मुख्यमंत्री झाले होते. न्यायालयाने राजन पोलिसांच्या ताब्यात होता असं ठरवलं, त्याला हजर करायला सांगितलं. हजर करायला कुणी नव्हतंच. महिनाभरात करुणाकरन यांना पायउतार व्हावं लागलं. मुलाचा देह वडिलांना कधीच मिळाला नाही.

त्या निवडणुकीने देशभर आणीबाणीविरुद्ध कौल दिला, तोच केरळात आणीबाणीच्या बाजूने होता. दोन्हींत राजन कुठे बसत नाही. राष्ट्रीय उत्पन्न ही बेरीज आहे, मतमोजणीही बेरीजच. दोन्ही लागतात, त्यांच्याशिवाय राज्य चालत नाही. पण एका वसतिगृहातला एक मुलगा नऊ टक्क्यांतून वजा केला तरी नऊ टक्केच उरतात, आणि वीस जागांतून वजा केला तरी वीसच. वारियर यांनी जे मागितलं ते एका माणसासाठी होतं आणि ते मागण्यासाठी त्यांना आधी देश श्रीमंत आहे की गरीब हे विचारावं लागलं नाही.

त्या निवडणुकीतून सत्तेवर आलेल्या जनता सरकारने १९७८ मध्ये ४४ वी दुरुस्ती केली. जीविताचा हक्क आता आणीबाणीतही स्थगित होऊ शकत नाही. मग ते सरकार आपापसांत भांडून कोसळलं, १९७९ चा दुष्काळ आला, भाव कडाडले, आणि जानेवारी १९८० मध्ये कांद्याच्या भावावर गाजलेल्या निवडणुकीत इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन परतल्या. तीन वर्षांपूर्वी स्वातंत्र्यासाठी उठलेला तोच मतदार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कांदा त्याच्या ताटातला होता. ४४ वी दुरुस्ती मात्र कांद्याबरोबर गेली नाही, ती घटनेत राहिली. त्याच वर्षी मिनर्व्हा मिल्स खटल्यात नानी पालखीवालांनी ४२ व्या दुरुस्तीच्या त्या कलमावर हल्ला चढवला. न्यायालयाने ते कलम उडवलं आणि म्हटलं की ध्येयं गाठण्यासाठी हक्कांची हमीच नष्ट करणं म्हणजे घटनेचा पायाच पोखरणं. बहुमताचं निकालपत्र सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांचं होतं.

ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काचा खटला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने निकाली काढला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्यात १९७६ चा निकाल, त्यातल्या आपल्या वडिलांच्या निकालपत्रासह, रद्द केला. त्याच निकालपत्रात त्यांनी आणखी एका मुद्द्याची दखल घेतली: गरिबांना नागरी हक्क नकोत, त्यांना फक्त आर्थिक भलं हवं असतं, हे पालुपद इतिहासात सर्वांत भीषण अत्याचारांसाठी वापरलं गेलं आहे, असं त्यांनी लिहिलं. हे त्यांना जुनी कागदपत्रं चाळून सापडलेलं नव्हतं. खासगीपणा हे सुखवस्तूंचं खूळ आहे, गरिबाला अन्न आणि निवारा हवा, असं त्याच खटल्यात, त्याच पीठासमोर, सरकारच्या वतीने मांडलं गेलं होतं.